पक्ष हरतो, तरी बदलत का नाही? पक्षांतर्गत लोकशाही, सोप्या भाषेत

नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचा निकाल लागला आणि काँग्रेस २८८ पैकी १६ जागांवर आली. त्याच्या साडेपाच महिने आधी याच राज्याने याच पक्षाला लोकसभेच्या १३ जागा दिल्या होत्या, तेही फक्त १७ लढवून. कराड दक्षिणमधून पृथ्वीराज चव्हाण पडले, संगमनेरमधून बाळासाहेब थोरात पडले, म्हणजे एक माजी मुख्यमंत्री आणि एक माजी प्रदेशाध्यक्ष एकाच दिवशी घरी. त्यानंतर ज्यांनी आयुष्यभर पंजा सोडून दुसरं बटण दाबलं नाही अशा लोकांच्या तोंडून एकच वाक्य ऐकू यायला लागलं, "यांना कितीही वेळा पाडा, हे काही सुधारत नाहीत."

हा राग खरा आहे आणि मला तो पूर्ण पटतो. पण राग पटला तरी प्रश्न उरतोच, की दुकान चाललं नाही तर मालक माल बदलतो, मग पक्ष का बदलत नाही? नेते आळशी आहेत, अहंकारी आहेत, घराण्याला चिकटलेत, ही उत्तरं सगळ्यांना पाठ आहेत आणि त्यात तथ्यही असेल, पण मला वाटतं खरं कारण स्वभावात कमी आणि नियमांत जास्त आहे. मतदाराने दिलेली शिक्षा जिथे पोचायला हवी तिथे ती पोचतच नाही, मधेच अडते. कुठे अडते ते एकेक करून बघू. उदाहरण मुख्यतः काँग्रेसचं घेतोय, कारण पक्ष जुना आहे आणि त्याची आतली भांडणं सगळ्यात जास्त उघड्यावर आलीत. बाकीच्यांची स्थिती काय आहे तेही पुढे येईलच.

आधी बेसिक: पक्ष म्हणजे कायद्याने नक्की काय?

आपल्या संविधानात मूळ मजकुरात राजकीय पक्ष हा विषय जवळजवळ नाहीच. पक्षांची नोंदणी होते ती लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम २९-ए खाली, आणि हे कलमसुद्धा १९८९ पासून लागू झालंय. नोंदणी करताना पक्षाला लिहून द्यावं लागतं की आम्ही संविधान मानतो, लोकशाही मानतो. शिवाय निवडणूक आयोग पक्षाची घटना मागतो, म्हणजे पक्षाचा स्वतःचा नियमांचा कागद, आणि त्यात पदाधिकाऱ्यांच्या ठरावीक काळाने, जास्तीत जास्त पाच वर्षांनी, निवडणुका होतील असं असावं लागतं.

यालाच पक्षांतर्गत लोकशाही म्हणतात. पदं आणि उमेदवारी वरून वाटली न जाता सभासदांच्या मतातून ठरणं, आणि वेगळं मत मांडलं म्हणून कोणाला बाहेर न काढणं, एवढाच त्याचा अर्थ.

हे डोक्यात बसायला आपली हाउसिंग सोसायटी घ्या. चाळीस फ्लॅटची सोसायटी असली तरी कायद्याने पाच वर्षांनी कमिटीची निवडणूक घ्यावी लागते, टाळाटाळ केली तर रजिस्ट्रार कमिटीला बाजूला करून प्रशासक बसवू शकतो. एखाद्या मेंबरने तक्रार केली की ऑडिट झालं नाही, एजीएम म्हणजे वार्षिक सभा झाली नाही, तर कमिटीला उत्तर द्यावं लागतं. आता राज्य चालवणाऱ्या पक्षाकडे बघा. त्याने आतल्या निवडणुका घेतल्या नाहीत किंवा नुसत्या कागदावर घेतल्या तर काय होतं? जवळजवळ काहीच नाही. पाण्याची टाकी आणि पार्किंग सांभाळणाऱ्या कमिटीला जेवढा कायदा लागू आहे तेवढा अर्थसंकल्प ठरवणाऱ्या पक्षाला नाही, आणि ही गोष्ट मला खरंच अस्वस्थ करते.

मग निवडणूक आयोग कारवाई का करत नाही?

कारण आयोगाच्या हातात दांडका नाही. २००२ मध्ये सुप्रीम कोर्टाने काँग्रेस विरुद्ध इन्स्टिट्यूट ऑफ सोशल वेलफेअर या केसमध्ये सांगितलं की एकदा नोंदवलेला पक्ष आयोगाला सहसा रद्द करता येत नाही. अपवाद मोजके, म्हणजे नोंदणीच फसवणूक करून मिळवली असेल, किंवा पक्षाने स्वतःच आता आपण संविधानाशी बांधील नाही असं कळवलं, किंवा सरकारने तो पक्ष बेकायदा ठरवला तर. आतल्या निवडणुका घेतल्या नाहीत हे कारण त्यात बसत नाही. त्यामुळे आयोग पत्र पाठवतो, विचारतो, आठवण करून देतो. २०२२ मध्ये आंध्रच्या वायएसआर काँग्रेसने जगन मोहन रेड्डींना तहहयात अध्यक्ष केल्याच्या बातम्या आल्या तेव्हा आयोगाने हे लोकशाहीविरोधी आहे असं खडसावलं होतं. पण खडसावण्याच्या पुढे आयोगाला फार जाता येत नाही.

विधी आयोग म्हणजे सरकारला कायद्यात सुधारणा सुचवणारं मंडळ. त्याने १९९९ च्या १७० व्या अहवालात पक्षांतर्गत लोकशाही कायद्यात आणा म्हणून शिफारस केली, २०१५ च्या २५५ व्या अहवालात परत केली. कायदा करणार कोण तर संसद, आणि संसदेत बसलेत त्याच पक्षांचे लोक ज्यांना हा कायदा नकोय. त्यामुळे अहवाल तसेच पडून आहेत.

याचा सामान्य माणसाशी काय संबंध असं वाटत असेल तर महाराष्ट्राइतकं मोठं उदाहरण दुसरीकडे मिळणार नाही. शिवसेना फुटली तेव्हा धनुष्यबाण कोणाचा हे आयोगाला ठरवायचं होतं. सरळ मार्ग हा की संघटनेत बहुमत कोणाकडे ते मोजा. पण १७ फेब्रुवारी २०२३ च्या आदेशात आयोगाने म्हटलं की पक्षाची २०१८ ची घटना लोकशाहीला धरून नाही, पदाधिकारी वरून नेमलेले आहेत, तेव्हा संघटनेतल्या बहुमताची कसोटी इथे भरवशाची नाही. मग मोजले गेले आमदार-खासदार, आणि चिन्ह एकनाथ शिंदेंकडे गेलं. वर्षभराने, ६ फेब्रुवारी २०२४ ला, राष्ट्रवादीच्या बाबतीत जवळपास हेच झालं, संघटनेतल्या निवडणुकांच्या कागदपत्रांत मेळ नाही म्हणून आमदारांची संख्या धरली आणि घड्याळ अजित पवारांकडे गेलं. हे निकाल बरोबर की चूक यावर लोकांची मतं टोकाची आहेत आणि मी त्यात आत्ता पडत नाही. पण शाखाप्रमुख, गटप्रमुख, ज्यांनी हयात घातली, त्यांच्या मताची मोजणीच होऊ शकली नाही, कारण त्यांना कधी रीतसर मतच दिलेलं नव्हतं.

खरी चावी: एबी फॉर्म

पक्षात सत्ता कुठे असते हे बघायचं असेल तर भाषणं सोडा आणि एबी फॉर्म बघा. हे दोन कागद असतात. ए फॉर्ममध्ये पक्ष निवडणूक अधिकाऱ्याला कळवतो की आमच्या वतीने उमेदवार ठरवायला या माणसाची सही चालेल. बी फॉर्ममध्ये तो माणूस सही करून सांगतो की आमचा अधिकृत उमेदवार हा, आणि याचा अर्ज बाद झाला तर पर्यायी हा. सही शाईची लागते, झेरॉक्स चालत नाही, आणि अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत तो कागद टेबलावर पोचला पाहिजे. तीन वाजून गेले की तुम्ही वीस वर्षं सतरंज्या उचलल्या असतील नाहीतर पाच हजार सभासद केले असतील, तुम्ही अपक्ष.

जानेवारी २०२३ ची विधान परिषदेच्या नाशिक पदवीधर मतदारसंघाची निवडणूक आठवा. काँग्रेसने उमेदवारी जाहीर केली डॉ. सुधीर तांबेंची, जे तिथले आमदारच होते. शेवटच्या दिवशी त्यांनी अर्ज भरलाच नाही आणि मुलगा सत्यजीत तांबे यांनी अपक्ष म्हणून भरला. पुढे सत्यजीत यांनी पत्रकार परिषदेत सांगितलं की प्रदेश कार्यालयातून आलेले एबी फॉर्म नाशिकचे नव्हतेच, दुसऱ्या मतदारसंघांचे होते. पक्षाने ते मान्य केलं नाही, बाप-लेक दोघांवर निलंबनाची कारवाई केली. सत्यजीत अपक्ष लढून निवडून आले, मामा बाळासाहेब थोरात यांनी विधिमंडळ पक्षनेतेपदाचा राजीनामा दिला, आणि प्रदेशाध्यक्ष नाना पटोले विरुद्ध थोरात असा सामना पेपरात रंगला. कोण खरं कोण खोटं हे बाजूला ठेवा. पाच जिल्ह्यांतल्या पदवीधरांचा उमेदवार कोण, हा प्रश्न एका लिफाफ्यात कोणता कागद होता यावर आला, आणि त्या पाच जिल्ह्यांतल्या एकाही काँग्रेस सभासदाला यात मत नव्हतं.

तिकीट ज्याच्या सहीने मिळतं, नेता त्यालाच घाबरतो. मतदाराला तो पाच वर्षांतून एकदा घाबरतो, आणि तेही तिकीट मिळाल्यावर.

"पण काँग्रेसने अध्यक्षपदाची निवडणूक घेतली ना?"

घेतली, आणि त्याचं श्रेय द्यायला हवं. २०१४ ला लोकसभेत ४४, २०१९ ला ५२ अशा जागा आल्यावर ऑगस्ट २०२० मध्ये २३ नेत्यांनी सोनिया गांधींना पत्र लिहिलं, पूर्णवेळ दिसणारा अध्यक्ष द्या, कार्यकारिणीच्या, म्हणजे पक्षाचे मोठे निर्णय घेणाऱ्या समितीच्या, निवडणुका घ्या. त्यात आपल्याकडचे पृथ्वीराज चव्हाण, मुकुल वासनिक, मिलिंद देवरा होते. लगेच काही झालं नाही, उलट पत्र लिहिणाऱ्यांच्या निष्ठेवरच चर्चा झाली. शेवटी १७ ऑक्टोबर २०२२ ला मतदान झालं, मल्लिकार्जुन खर्गेंना ७,८९७ मतं आणि शशी थरूर यांना १,०७२. चोवीस वर्षांनी गांधी घराण्याबाहेरचा अध्यक्ष आला. आज देशातल्या बहुतेक मोठ्या पक्षांनी एवढंही केलेलं नाही.

पण आता परत सोसायटीत चला. समजा निवडणूक आहे, पण मत फक्त काही मेंबरांना आहे, ते मेंबर ठरवताना जुन्या कमिटीचाच शब्द चालतो, आणि समोरच्या उमेदवाराला मतदारांची यादी धड मिळत नाही. काँग्रेसमध्ये अध्यक्ष निवडतात ते प्रदेश कमिटीचे डेलिगेट, म्हणजे ब्लॉकमागे एक या हिशोबाने गेलेले प्रतिनिधी, देशभरात मिळून दहा हजाराच्या आसपास. सामान्य सभासदाला थेट मत नाही. हे डेलिगेट कोण आहेत याची यादी जाहीर करा म्हणून थरूर, मनीष तिवारी अशा पाच खासदारांना निवडणूक प्रमुख मधुसूदन मिस्त्री यांना पत्र लिहावं लागलं. पुढे प्रचारात थरूर उघड बोलले की खर्गे आले की प्रदेशाध्यक्ष स्वागताला उभे असतात आणि आपण गेलो की भेटत नाहीत. आणि निवडणुकीच्या आधीच महाराष्ट्रासकट अनेक प्रदेश कमिट्यांनी ठराव करून टाकला होता की प्रदेशाध्यक्ष नेमायचे अधिकार पक्षाध्यक्षांना द्यावेत. म्हणजे ज्या पदावर खालून माणूस निवडून यायला हवा ते पद खालच्यांनीच उचलून वर दिलं.

कार्यकारिणीची निवडणूक मात्र झालीच नाही. फेब्रुवारी २०२३ च्या रायपूर अधिवेशनात ठरलं की सदस्य अध्यक्षच नेमतील. हे नवं नाही. १९७२ नंतर जवळजवळ वीस वर्षं पक्षात संघटनेच्या निवडणुकाच नव्हत्या, १९९२ ला तिरुपतीला कार्यकारिणीची निवडणूक झाली, त्यात अर्जुनसिंह आणि शरद पवार चांगल्या मतांनी आले, तर निवडून आलेल्यांत दलित, आदिवासी, महिला नाहीत असं कारण देऊन नरसिंह रावांनी निवडून आलेल्यांचे राजीनामे घ्यायला लावले. कारण खोटं नव्हतं, प्रतिनिधित्वाचा प्रश्न होताच. पण त्यासाठी राखीव जागा ठेवून परत निवडणूक घेता आली असती. निवडणूकच मोडीत निघाली आणि नेमणूक परत आली.

पराभवाची झळ कोणाला लागते?

माझ्या मते सगळी गोम इथे आहे. पक्ष हरतो तेव्हा कोणाचं नुकसान होतं ते नीट बघा. उमेदवार पडतो, त्याचे पैसे जातात. तालुक्यातला कार्यकर्ता पडतो, त्याचं तहसीलमधलं काम अडतं, पोलीस स्टेशनला त्याचा फोन उचलत नाहीत. मतदाराचं नुकसान होतं, त्याच्या बाजूने बोलणारं कोणी उरत नाही. पण तिकिटं ज्यांनी ठरवली, आघाडीत कोणती जागा सोडायची हे ज्यांनी ठरवलं, त्यांची पदं बहुतेक वेळा तिथेच असतात, कारण ती पदं मतदाराने दिलेली नव्हती आणि सभासदानेही नव्हती. ज्याने दिली त्याची मर्जी असेपर्यंत ती राहतात. निर्णय घेणारा एक आणि किंमत मोजणारा दुसरा, अशी व्यवस्था असेल तर पराभवातून कोण काय शिकणार?

मग पराभवानंतर काय होतं, तर समिती बसते. २०१४ च्या पराभवावर ए. के. अँटनी यांची समिती बसली, तिचा अहवाल आजवर सार्वजनिक झालेला नाही. मे २०२२ ला उदयपूरला चिंतन शिबिर झालं, ठराव चांगले होते, एक व्यक्ती एक पद, एका पदावर पाच वर्षांपेक्षा जास्त नाही, एका कुटुंबाला एक तिकीट, निम्मी पदं पन्नाशीच्या आतल्यांना. चारच महिन्यांत कसोटी लागली. राजस्थानचे तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक गेहलोत पक्षाध्यक्ष होणार अशी चिन्हं होती, एक व्यक्ती एक पद म्हटल्यावर मुख्यमंत्रिपद सोडावं लागणार होतं, तर त्यांच्या गटाचे आमदार बैठकीलाच आले नाहीत आणि गेहलोत अध्यक्षपदाच्या शर्यतीतून बाहेर पडले. एका कुटुंबाला एक तिकीट या ठरावालाही सुरुवातीपासून सूट जोडलेली होती, पाच वर्षं पक्षात काम केलेलं असेल तर चालेल. नेत्याच्या मुलाला युवक काँग्रेसचं पद आधीच दिलेलं असतं, त्यामुळे ही सूट कोणाच्या कामी येते हे सांगायला नको.

या आतल्या निर्णयांची झळ कुठवर जाते याचं एक उदाहरण सांगतो, ते मला कायम डाचतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये नाना पटोलेंना प्रदेशाध्यक्ष करायचं म्हणून त्यांनी विधानसभा अध्यक्षपद सोडलं. नवीन अध्यक्ष निवडणं आघाडीत आणि राज्यपालांशी वादात अडकत गेलं आणि खुर्ची जवळजवळ सतरा महिने रिकामी राहिली. जून २०२२ ला शिंदेंचं बंड झालं तेव्हा अपात्रतेच्या नोटिसा काढायला होते उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ, आणि त्यांच्याच अधिकारावर कोर्टात प्रश्न आला. सरकार कदाचित तरीही पडलं असतं. पण प्रदेशाध्यक्ष कोण हा एका पक्षाचा घरातला विषय, त्याने राज्याच्या सर्वोच्च सभागृहाची खुर्ची रिकामी राहिली, आणि त्यात मतदाराला कुणी विचारलं नव्हतं.

आत बोलता येत नाही, म्हणून बाहेर पडतात

आता लोक म्हणतील आमदार-खासदार तर निवडून आलेले असतात, ते का बोलत नाहीत? त्याचं एक मोठं कारण पक्षांतरबंदी कायदा. १९८५ ला ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावं परिशिष्ट आलं. हेतू चांगला होता, आयाराम-गयाराम थांबवायचे होते. पक्षाने व्हिप काढला, म्हणजे अमुकच मत द्या असा आदेश दिला, आणि आमदाराने तो मोडला तर आमदारकी जाऊ शकते. आधी एक तृतीयांश लोक फुटले तरी चालायचं, २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने ती पळवाट बंद झाली, आता वाचायचं तर दोन तृतीयांश आणि तेही विलीनीकरण लागतं.

परिणाम असा झाला की एकट्याने, दहा जणांनी मिळून, सभागृहात वेगळं मत देणं म्हणजे आत्महत्या. पक्षाच्या बैठकीत बोललात तर पुढचं तिकीट जाईल ही भीती. मग नाराज माणूस गप्प बसतो, वर्षानुवर्षं बसतो, आणि संख्या जमली की अख्खा गटच घेऊन जातो. थोडं थोडं बदलायची सोयच नसल्यामुळे पक्ष एकदम फुटतात. २०२२ ला शिंदे, २०२३ ला अजित पवार, आणि संख्या नसेल तर एकेकटे, मिलिंद देवरा जानेवारी २०२४ ला, अशोक चव्हाण फेब्रुवारी २०२४ ला. यातल्या प्रत्येकाची कारणं वेगळी, सगळी तात्त्विक होती असं कोणी समजू नये. पण जो मतदार त्यांच्या मूळ पक्षाला मत देऊन बसला होता तो मात्र दरवेळी तिथेच उभा राहिला.

"लोकांनाच घराणी आवडतात, त्याला पक्ष काय करणार?"

हा आक्षेप नेहमी येतो आणि सांगलीचं उदाहरण दिलं जातं. २०२४ ला सांगलीची जागा आघाडीत ठाकरेंच्या शिवसेनेला गेली, चंद्रहार पाटील उमेदवार झाले. स्थानिक काँग्रेसवाले, विश्वजित कदमांसकट, दिल्लीपर्यंत जाऊन सांगत होते की इथे आमची ताकद आहे. ऐकलं गेलं नाही. वसंतदादांचे नातू विशाल पाटील अपक्ष उभे राहिले आणि सुमारे एक लाखाच्या फरकाने निवडून आले, अधिकृत उमेदवाराचं डिपॉझिट गेलं. निवडून आल्यावर त्यांनी काँग्रेसलाच पाठिंबा दिला.

यात घराणं आहे, खरंय. पण मला त्यात दुसरी गोष्ट जास्त दिसते. जिल्ह्यातल्या कार्यकर्त्याला जे कळत होतं ते वर कळत नव्हतं किंवा कळूनही चालत नव्हतं, आणि दुरुस्ती करायला अख्ख्या मतदारसंघाला निवडणुकीची वाट बघावी लागली. जागावाटपाआधी जिल्ह्यातल्या सभासदांचं मतदान घ्यायची पद्धत असती तर हे मार्चमध्येच मिटलं असतं. शिवाय घराणी आवडतात म्हणायला समोर दुसरा पर्याय ठेवून बघायला पाहिजे ना. ज्याच्याकडे आडनाव नाही त्याला तिकीटच मिळत नाही, मग लोकांनी नाकारलं कोणाला?

"निवडणुका घेतल्या की पैसा आणि चुकीची माणसं येतात"

हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण पुरावा आहे. राहुल गांधींनी युवक काँग्रेसमध्ये सभासदांच्या मतदानाने निवडणुका सुरू केल्या तेव्हा प्रस्थापित नेत्यांच्या मुलांना त्याचा फायदा झाला ही तक्रार राज्याराज्यांत होती. घाऊक सभासद नोंदवायला माणसं आणि पैसा लागतो, तो त्यांच्याकडेच असतो. सोसायटीत निवडणुकीच्या आदल्या महिन्यात अचानक वीस नवे मेंबर झाले तर निकाल काय लागणार हे आधीच कळतं, तसंच हे. ब्रिटनमध्ये २०२२ ला हुजूर पक्षाच्या खासदारांची पहिली पसंती ऋषी सुनक होते, सभासदांनी मतदान करून लिझ ट्रस यांना पंतप्रधान केलं, आणि पन्नास दिवसही पूर्ण व्हायच्या आत त्यांना जावं लागलं.

तर मतदान घेतलं की आपोआप शहाणपण येतं असं मी म्हणत नाहीये. सभासद यादी खरी आणि उघडी असणं, नोंदणीनंतर ठरावीक काळ गेल्यावरच मत मिळणं, मोजणी पक्षाबाहेरच्या कुणी करणं, हे आधी हवं. आणि निवडणुकीने चुकीचा माणूस आला तर निवडणुकीने किंवा त्याच्याच लोकांच्या दबावाने तो जातो, ट्रस गेल्याच. नेमलेला चुकीचा माणूस घालवायचा रस्ताच नसतो.

जर्मनीत हे कायद्यानेच बांधलंय. तिथल्या संविधानाचं कलम २१ सांगतं की पक्षाची आतली रचना लोकशाही तत्त्वांना धरून असली पाहिजे, आणि उमेदवार सभासदांच्या किंवा त्यांनी निवडलेल्या प्रतिनिधींच्या गुप्त मतदानाने ठरतात. ते नुसतं कागदावर नाही. हॅम्बर्ग राज्याची १९९१ ची निवडणूक तिथल्या राज्य घटनात्मक कोर्टाने मे १९९३ ला रद्द केली, कारण सीडीयू पक्षाने आपले उमेदवार ठरवताना सभासदांना पर्यायी नावं पुढे करायची खरी संधी दिली नव्हती. तक्रार करणारा त्याच पक्षाचा सभासद होता. सप्टेंबर १९९३ ला अख्ख्या राज्यात परत मतदान झालं. एका पक्षाने तिकीटवाटपात सभासदांना डावललं म्हणून राज्याची निवडणूक रद्द होते, हे वाचून आपल्याकडच्या कार्यकर्त्याला काय वाटेल याचा विचार करा.

"मग बाकीचे पक्ष काय धुतल्या तांदळाचे?"

अजिबात नाही. भाजपमध्ये राष्ट्रीय अध्यक्ष एकमतानेच ठरत आलाय, दोन उमेदवार आणि खुली मतमोजणी असा प्रकार तिथे दिसत नाही, जे. पी. नड्डांची तीन वर्षांची मुदत संपल्यावरही वाढवत नेली होती. तिथे पिढ्या बदलतात आणि साधा कार्यकर्ता वर येऊ शकतो हे खरं, पण कोणाला वर आणायचं हे वरच ठरतं. दोन्ही शिवसेना, दोन्ही राष्ट्रवादी, मनसे, सगळीकडे नेता हाच पक्ष. आम आदमी पक्ष तर हेच बदलायला निघाला होता, पक्षात स्वतःचा लोकपाल होता, माजी नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल रामदास, जे आपल्या अलिबागजवळ राहायचे. २०१५ ला योगेंद्र यादव आणि प्रशांत भूषण यांना काढलं, त्याच सुमारास रामदासांनाही बदललं, आणि २०२१ ला सलग दोनच टर्मची मर्यादा घटनेतून काढून केजरीवाल तिसऱ्यांदा संयोजक झाले.

फरक एवढाच की जिंकणाऱ्या पक्षात हे खपून जातं, हरणाऱ्या पक्षात ते उघडं पडतं. आणि विरोधी पक्षच आतून कुजला तर सत्ताधाऱ्यांना विचारणारं कोणी उरत नाही, म्हणून काँग्रेस न आवडणाऱ्यानेसुद्धा या प्रश्नात लक्ष घालावं असं मला वाटतं.

मतदाराने करायचं काय?

दर निवडणुकीत दुसऱ्याला मत देऊन किंवा घरी बसून आपण पक्षाला धडा शिकवला असं समाधान मिळतं, पण वर बघितलं तसं तो धडा उमेदवारापर्यंतच जातो. नोटा म्हणजे 'यापैकी कोणी नको'चं बटण दाबूनही तेच. दबाव द्यायचा तर तो जिथे सत्ता आहे तिथे, म्हणजे सभासद यादी, एबी फॉर्म आणि पदाची मुदत या तीन जागी.

फेब्रुवारी २०२३ च्या त्याच शिवसेना आदेशात आयोगाने पक्षांनी आपली घटना आणि पदाधिकाऱ्यांची यादी वेबसाइटवर टाकावी अशी अपेक्षा मांडली आहे, ती बघा, तुमच्या जिल्ह्याचा अध्यक्ष निवडून आला की नेमला गेला ते शोधा. कुठल्या पक्षाचे सभासद असाल, मिस्ड कॉल देऊन का होईना, तर तालुका कमिटीला लेखी विचारा की माझं नाव यादीत आहे का आणि मला मत कधी मिळणार. पत्र लिहिणाऱ्या २३ नेत्यांना तिकीट जायची भीती होती, साध्या सभासदाला ती नाही, हा त्याचा मोठा फायदा आहे. प्रचाराला उमेदवार दारात आला की रस्ते-पाण्याबरोबर हेही विचारा, तुमच्या नावावर तुमच्या पक्षातल्या किती जणांनी मत दिलं? आणि खासदारकीचा उमेदवार असेल तर विधी आयोगाच्या १७० व्या अहवालातली पक्षांतर्गत लोकशाहीची शिफारस कायद्यात आणायला तो संसदेत खाजगी विधेयक मांडणार का, याचं हो किंवा नाही असं उत्तर मागा.